खळ्याला लिहून दिलेला वारा

आई, सांवेर रोडचं आपलं शेत अजून शेतच आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. माझे गुडघे, नातवंडं, नळाला पाणी येतं की नाही, हे सगळं मागून. परवा रिक्षा करून जाऊन आले. राजेंद्र नगरहून सांवेर रोड म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. रिक्षावाल्याला शेतावर जायचंय म्हटलं तर तो मान वळवून बघायला लागला. ‘‘उधर तो फैक्ट्रियां हैं आंटीजी, खेत किधर?’’ मी म्हटलं, आहे एक, चला तुम्ही. आता रस्त्याच्या एका अंगाला पाइपांचा कारखाना आहे, दुसऱ्या अंगाला बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज, पुढे कसली कसली गोदामं, आणि मध्येच आपला तुकडा. गहू निघून गेलेला, धसकटं तेवढी उभी, आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. रिक्षावाला उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ‘‘ये अभी तक बचा हुआ है?’’ म्हणाला. कौतुकानं नव्हे. एखादी जुनी मोटार अजून रस्त्यावर कशी, असं विचारावं, तसं.

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून मोठी आहे. तू पाहिलंस त्याहून जास्त आयुष्य मी पाहिलं. तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलताना जरा अवघडल्यासारखं होतं. आईशी बोलतेय की धाकट्या बहिणीशी, कळत नाही. आज लिहायला बसले ते या शेतासाठीच. पण लिहिताना काही होत मात्र नाही. साखरेमुळे डॉक्टर दर खेपेला माझ्या तळपायाला टाचणी टोचून विचारतात, कळतंय का? तसं मी आज स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर आलं, थोडंसं.

संस्थान जाऊन मध्यभारत झालं तेव्हा मी अगदी लहान होते. आपल्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की बाबांच्या कचेरीवरची पाटी बदलली आणि तिथल्या काही लोकांना ग्वाल्हेरला जावं लागलं. बाबांचा प्रश्न आला नाही. ते त्याआधीच वारले होते. मागे राहिलं ते भाड्याच्या दोन खोल्यांचं घर, खोलीत न मावणारं एक सागवानी टेबल आणि त्यांनी हौसेनं घेतलेलं सांवेरच्या रस्त्यावरचं शेत. तू कन्याशाळेत शिवण शिकवायला लागलीस आणि मला कॉन्व्हेंटात घातलंस, कारण ती बाबांची इच्छा होती. पगारात फी जायची आणि शेतावर घर जेवायचं. शेत करायचे पटेल, सगळे ज्यांना दाजी म्हणायचे, अर्ध्या वाट्यानं. त्यांचं स्वतःचं शेत आपल्याला लागूनच, पूर्वेला, आणि बांधाला चिकटून त्यांचं खळं. मला आठवतं ते शेत कमी आणि ते खळंच जास्त. शेणानं सारवलेलं, गोल, स्वयंपाकघरासारखं स्वच्छ.

वैशाख आहे. मला सुट्टी लागली आहे आणि तू मला टांग्यातून शेतावर नेली आहेस. उफणणी चालली आहे, दाजी तीन पायांच्या उंच घोडीवर उभे आहेत. खालून त्यांची सून त्यांना मळलेल्या गव्हाची टोपली देते, ते ती डोक्याच्या वर धरतात आणि हळूहळू हलवतात. गहू सरळ खाली पडतो, भुसा तिरका उडत पलीकडे जातो, आणि मधल्या उन्हात सगळं सोनेरी. आपल्या शेतावरून वारा येतो आहे, मोकळा, मध्ये एक झाडसुद्धा नाही. एवढ्यात तो थांबतो. मी कॉन्व्हेंटातली, उत्तर आलं की मोठ्यानं सांगायला शिकलेली. मी मोठ्यानं ओरडते, ‘‘वारा पडला!’’ खळ्यावरचे सगळे माझ्याकडे बघतात. तू माझा दंड धरून मला निंबाखाली नेतेस. तुझी बोटं अजून आठवतात, शिवणाच्या सुईनं टोकं खरबरीत झालेली.

‘‘खळ्यावर असं म्हणत नाहीत.’’

‘‘का? पडलाच ना?’’

‘‘पडला तरी म्हणायचं नाही.’’

‘‘मग काय म्हणायचं?’’

‘‘काही नाही. बसून राहायचं.’’

आणि खरंच सगळे बसून राहिले होते. दाजी घोडीवरच उकिडवे बसून विडी ओढत होते. कुणी आकाशाकडे बघत नव्हतं, कुणी कंटाळलं नव्हतं. पुष्कळ वेळानं दाजींच्या धोतराचा सोगा हलला आणि ते उभे राहिले. त्या दुपारी मला तुझी बोलणी बसली, पण तशी बसून राहिलेली माणसं मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

मग काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांचं तुझ्यावर लक्ष असे, असं ते म्हणायचे. पोलोग्राउंडकडे कारखाने वाढत होते, आणि एका कपड्याच्या व्यापाऱ्याला शहराबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून वखारी बांधायच्या होत्या. आपलं शेत त्याच्या मनात भरलं होतं. काका आपल्या सागवानी टेबलाशी बसून तुला समजावत. ‘‘वहिनी, शहर आता तिकडेच सरकणार. आज मागतोय तर द्या. उद्या सरकारनं घेतलं तर हात चोळत बसाल.’’ तू मशीनवर कुणाचं तरी परकर-पोलकं शिवत ‘‘बघू’’ म्हणायचीस. ते दुसऱ्या आठवड्यात पुन्हा यायचे. तुझ्या नावची जमीन होती, पण घरात पुरुष नाही म्हटल्यावर तुझं नाव म्हणजे पाटीवरच्या खडूसारखं, कुणीही येऊन पुसावं असं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की काका येऊन गेले की भाजीत मीठ जास्त पडतं.

पटेल दाजींच्या कानावर ते गेलं. एका सकाळी ते आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन बसले. जोडे अंगणात, पागोटं मांडीवर. तू पोळ्या करत होतीस, मी डबा भरत होते. ‘‘बाईसाब,’’ ते म्हणाले, ‘‘सुण्यो के गोदाम बणी रियो हे. दीवाल उठी तो म्हारो खलो मरी जायगा. हवा नी आवेगा.’’

तू म्हणालीस, ‘‘खला दूसरी तरफ कर लो, दाजी.’’

‘‘दूसरी तरफ नालो हे बाईसाब. नाला में गेहूं उड़ाऊं?’’ ते हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, ‘‘तमारी जमीन हे. म्हूं ना नी बोलूं. बस, बतई दियो.’’

ते चहा घेऊन गेले. तू तव्यावरची पोळी उलटायची विसरलीस. ती करपलेली पोळी मी डब्यात नेली. संध्याकाळी शाळेतून आले तर तू अंगणात उभी होतीस, नुसती, आणि तोंडावर वारा घेत होतीस. मला वाटलं उकडतंय तुला.

वकिलांकडे दाजींबरोबर मलाही नेलंस, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. राजवाड्यामागच्या गल्लीत जिना चढून त्यांची खोली, बाबांचे जुने स्नेही. तू म्हणालीस, मला शेताचा वारा लिहून द्यायचा आहे. त्यांनी चष्मा काढला.

‘‘वहिनी, वाटेचा हक्क लिहून देतात, पाटाच्या पाण्याचा देतात. वाऱ्याचा दस्त मी अजून केलेला नाही.’’

‘‘मग आता करा.’’

‘‘जमीन तुमचीच राहील?’’

‘‘माझीच. पेरीन मी, पिकवीन मी, वाटलं तर विकीनसुद्धा. माझ्यामागे हिला जाईल. फक्त त्यावर भिंत नको, छप्पर नको, उभ्या ज्वारीपेक्षा उंच काही नको. मला नको, माझ्याकडून घेईल त्याला नको, त्याच्याकडून घेईल त्यालाही नको. दाजींच्या खळ्याला वारा जायला पाहिजे.’’

‘‘म्हणजे तुम्ही आपणहून आपल्याच हाताला दोरी बांधून घेताय.’’

‘‘माझ्या हाताला कशाला?’’ तू म्हणालीस. ‘‘भावजींच्या.’’

वकील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मात्र ते नीट बसले आणि त्यांनी तुला एकेक प्रश्न विचारला. दाजी काय देणार? दर वर्षी पहिल्या राशीतलं एक सूप गहू. हक्क किती काळ? कायमचा. कायमचा म्हणजे? म्हणजे दाजींच्या खळ्यावर उफणणी होते आहे तोवर. ‘‘आणि उफणणी बंद झाली तर?’’ वकिलांनी विचारलं. दाजी जमिनीवर बसले होते, ते आधी हसले. मग तू हसलीस, मग वकीलही. ‘‘उफणणी कशी बंद होईल?’’ तू म्हणालीस, ‘‘लोक पोळी खायचं थांबणार आहेत का?’’ तसंच लिहिलं गेलं. त्या खोलीतल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही तो प्रश्न खरा वाटला नाही. मलाही नाही, मी वकिलांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट डोळ्याशी धरून त्यातून तुला उलटी बघत होते.

वखारवाला गेला. काका दिवाळीला आले नाहीत, आणि मग लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत म्हणायचे, ‘‘आल्या आमच्या वारेवाल्या वहिनी, जरा खिडक्या उघडा.’’ बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तू पंगतीत जे वाढायला दिलं असेल ते वाढत राहायचीस. मी कॉन्व्हेंटात मोठ्या अभिमानानं सांगितलं की माझ्या आईनं वारा विकला. वर्ग हसला, आणि सिस्टर म्हणाल्या की वारा देवाचा आहे बाळ, तो कुणाला विकता येत नाही. मी रडत घरी आले. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘‘सिस्टरना सांग, आईनं विकला नाही. अडवणार नाही, एवढंच लिहून दिलंय.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘आणि देवाचा आहे तर त्यानं तुझ्या काकांना सांगायला हवं होतं. मला वकिलाकडे जावं लागलं नसतं.’’

पुढे तू शेवटपर्यंत भाड्याच्या घरातच राहिलीस. वखारीच्या पैशात आपलं घर झालं असतं, हे मी हिशेब करायच्या वयाची झाल्यावर माझ्या लक्षात आलं, तुझ्या अर्थात आधीच लक्षात असणार. आपण त्यावर कधी बोललो नाही. माझ्या लग्नात तू ते शेत मला दिलंस. सासरी म्हणाले, दिलं खरं, पण हातपाय बांधून दिलं. त्या दिवशी मला शालू नेसवलेला असताना तू पटेल दाजींना मांडवात पुढे बोलावलंस आणि म्हणालीस, ‘‘दाजी, अब से इनकी हवा है.’’ दाजींनी मला हात जोडले. मला लाज वाटली. माझ्या मैत्रिणी मागे उभ्या होत्या, कॉन्व्हेंटातल्या.

मग थ्रेशर आला. दाजी तेव्हा खाटेवर होते आणि त्यांच्या सुनेनं, जिला मी भाभी म्हणते, मला निरोप पाठवला की यंदा मशीन बोलावलंय. आपण दोघी गेलो. तू तेव्हा थकली होतीस. निंबाखाली बसून दिवसभर त्या मशीनकडे बघत राहिलीस. एका तोंडानं पेंढ्या आत जात होत्या, एका बाजूनं गहू पडत होता आणि दुसऱ्या बाजूनं भुसा लांब उडत होता, आपल्या शेताच्या दिशेनंसुद्धा, वाऱ्याच्या उलटा. त्याला स्वतःचाच वारा होता. मी तुझ्याकडे बघत होते, तू काही बोलशील म्हणून. तू उठलीस, भाभीकडे गेलीस आणि म्हणालीस, ‘‘बहू, थोडा अलग रख दो. इतना हाथ से उड़ाएंगे.’’ भाभीनं विचारलं नाही कशाला. तिनं एक लहानशी रास बाजूला काढली आणि ती स्वतः घोडीवर चढली. तेव्हापासून दर वर्षी तेवढी रास बाजूला पडते. तू गेलीस त्या वर्षीही पडली. सुतकात होते तरी मी गेले, कारण त्या वर्षी चुकलं असतं तर पुढे कुणी म्हटलं असतं की बंद झालं.

इतकी वर्षं हे असं चाललं. मी रिक्षातून जाते, भाभी घोडीवर चढते, मी खालून टोपली देते, एक सूप गहू घेऊन परत येते. आजूबाजूला शेतं जात गेली. एका वर्षी पलीकडे विटांचे ढीग दिसायचे, पुढच्या वर्षी पत्रे. पाइपांच्या कारखान्यावरून येणाऱ्या वाऱ्याला प्लॅस्टिक तापल्याचा वास असतो, पण येतो. कारखान्यातली पोरं कुंपणाशी उभी राहून आम्हा दोघी म्हाताऱ्यांचे मोबाइलवर फोटो काढतात.

यंदा मात्र माणूस घरी आला. कॉलनी कापणारा, म्हणजे शेतं घेऊन त्याचे प्लॉट पाडणारा. मिठाईचा डबा घेऊन आला, पायाला हात लावला. ‘‘माताजी, मैंने कागज पढ़ा है, बड़ी इज्जत करता हूं आपकी मां की. पर हवा तो अब पंखे से भी आती है.’’ त्यानं भाभीच्या मुलाशी खळ्याचं बोलणं चालवलं होतं. खळं त्यानं घेऊन त्यावर शेड टाकली की उफणणी संपली, उफणणी संपली की हक्क संपला, आणि मग माझ्या मुलाला पुण्यात फोन करायला तो मोकळा. माझ्या मुलाचं मला ठाऊक आहे. तो वाईट नाही. त्यानं आधीच सांगून ठेवलंय, ‘‘आई, तू आहेस तोवर तुझं. नंतर माझ्याच्यानं ते निभणार नाही.’’

मी आमच्या कॉलनीतल्या वकिलांकडे गेले. तरुण आहेत, मला ताई म्हणतात. त्यांना म्हटलं, माझ्याकडे थोडे पैसे आहेत, ते खळं मीच विकत घेते. त्यांनी मान हलवली. ‘‘ताई, तुम्ही घेतलंत की त्याच दिवशी हक्क संपला. शेतही तुमचं, खळंही तुमचं. स्वतःला स्वतःचा वारा लिहून देता येत नाही. हा हक्क दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असला तरच जिवंत.’’ मी घरी चालत आले. बाबांच्या मित्रानं, त्या हसऱ्या वकिलांनी, तुला हे सांगितलं होतं का? सांगितलं असेल, आणि मी पेपरवेट बघत असेन.

म्हणून परवा गेले ती हे शेवटचं असेल असं धरूनच गेले. भाभी निंबाखाली बसली होती. तिचा मुलगा मोटारसायकलला टेकून फोनवर. तो मला बुआजी म्हणतो, आपलं शेतही तोच करतो, ट्रॅक्टरनं, आणि माझा वाटा कधी चुकवत नाही. रास बाजूला काढलेली होती. मी टोपली भरली तर भाभी म्हणाली, ‘‘बाईजी, अबके तम चढ़ो. म्हारो हाथ नी उठे.’’ तिचा उजवा खांदा हिवाळ्यापासून आखडलाय.

‘‘मैं?’’

‘‘नी तो कोण? तमारो पूना वालो छोरो आवेगा?’’ ती हसली. तिचे पुढचे दात गेलेत.

मुलानं फोन खिशात टाकला. ‘‘अम्मा, बुआजी गिर जाएंगी. इस उमर में हड्डी टूटी तो गई काम से. चार तरफ शेड हो गए, अपन दो टोकरी उड़ा के क्या कर लेंगे?’’ पण त्यानं घोडी धरली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चढले. एवढ्या वर्षांत मी कधी वर चढले नव्हते. वरून आपलं शेत सबंध दिसतं, त्या टोकाच्या भिंतीपर्यंत. भाभीनं डाव्या हातानं टोपली पुढे केली, ती मुलानं मला दिली. मी ती डोक्यावर धरली आणि हलवली. वारा होता. गहू माझ्या पायाशी पडला, भुसा गेला. थोडा माझ्या तोंडावर, केसात, ब्लाउजच्या आत. मला वाटलं होतं की वर चढले, हे सगळं हातांनी केलं, की मला काहीतरी होईल. तू आठवशील, दाजी आठवतील, निदान डोळे भरतील. तसं झालं नाही. मी टोपली रिकामी होईपर्यंत हलवत राहिले आणि दुसरी मागितली.

खाली उतरल्यावर भाभीनं मला पाणी दिलं. मी विचारलं, खळ्याचं काय ठरलं? मुलगा मोटारसायकलचा आरसा पुसायला लागला. भाभी म्हणाली, ‘‘ऊ आयो थो. अंगूठो मांग्यो. म्हने नी दियो.’’ मग मुलाकडे न बघता, ‘‘जब लग म्हूं हूं, खलो नी बिकेगा. पछे ई जाणे ने इको काम जाणे.’’

‘‘हां तो अम्मा, अभी कौन बोल रिया है बेचने का,’’ मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो थांबायला तयार होता. त्याला फार थांबावं लागणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी भाभीला विचारलं नाही की का. दाजींसाठी, की तुझ्यासाठी, की नुसतंच मुलाला इतक्यात सगळं द्यायचं नाही म्हणून. तिनंही मला कधी विचारलेलं नाही. तर आई, तू कायमचं म्हणून जे लिहून दिलंस, त्याचा अर्थ आता एवढा झालाय: भाभीचा खांदा, भाभीची साखर, भाभीचा खोकला. ती माझ्याहून मोठी आहे.

हे पत्र टाकायला जागा नाही, आणि कपाटात ठेवलं तर माझा मुलगा कधीतरी वाचेल आणि त्याला उगाच वाटत राहील. म्हणून ते फाडून टाकणार आहे. त्याआधी एक राहिलंय. निघताना मी भाभीचा हात धरून म्हटलं, गोळ्या वेळेवर घ्या, गोड खाऊ नका, खांद्याला शेक घ्या. रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवत होती. तिला वाटलं, किती माया. माया आहेच. पण मनात हिशेब दुसरा होता. हिनं माझ्याआधी जाऊ नये, एवढा एकच. शेत वाचावं म्हणून, असं तुला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही. तिथं भिंत उठताना मला बघायला लागू नये, बस. माझ्यामागे उठली तर उठू दे.